मोटर लावली की बोर्ड रिसेट होतो? आधी वीज बघ

मित्रा, तुझ्या कोडमध्ये चूक शोधत बसू नकोस. आर्डुइनो उनो (आर३) या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून दोन सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या मोटरी) चालवतोयस, दुखणं तिथंच आहे. छोटी सर्व्होसुद्धा सुरू होताना किंवा अडकली की क्षणभर अर्ध्या अँपिअरच्या वर करंट ओढते. यूएसबीच्या वाटेवर बोर्डाचा फ्यूज आहे ५०० मिलिअँपिअरचा. मग व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

'१२ व्होल्टचा अडॅप्टर गोल जॅकला लावतो' असं म्हणशील. चालतो, पण बोर्डावरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ५ वर आणणारा भाग, लिनिअर आहे. १२ चे ५ करताना उरलेले ७ व्होल्ट तो निव्वळ उष्णतेत घालवतो. २०० मिलिअँपिअर घेतलेस तरी सुमारे १.४ वॅट झाले. बोट टेकवणार नाही इतका तापेल.

सर्व्होला वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर दे. त्याची लाल तार थेट सर्व्होला, बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनला नाही. मात्र बोर्ड आणि अडॅप्टर दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोकं) एकमेकांना जोडायचेच. नवीन मंडळी हमखास इथंच अडकतात, कारण ग्राउंड एक नसेल तर सिग्नलची तार कशाच्या तुलनेत ५ व्होल्ट आहे हे सर्व्होला कळतच नाही. सर्व्हो नुसती थरथरते. सर्व्होजवळ तिच्या वीजतारांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभराची जास्तीची वीज पुरवणारा भाग) टाक, धन-ऋण टोकं नीट बघून. उलटा लागला तर फुटतो.

आणि अडॅप्टर जोडण्याआधी मल्टिमीटरनं व्होल्टेज मोज, दर वेळी.