‘खरखर’ म्हणजे नक्की कोणता आवाज?

प्रश्न असा: जुन्या मैफलींच्या टेपांची देवाणघेवाण करणारे यादीत ‘आवाज बरा, थोडी खरखर’ असं लिहितात. टेपमागे सतत येणाऱ्या आवाजाला खरखर म्हणता येईल का?

म्हणतात सगळेच, पण मला ते पटत नाही. खरखर खडबडीत आणि तुटक असते. घशात होते ती खरखर; स्टेशन नीट लागलं नाही की रेडिओ करतो ती खरखर. टेपचा आवाज सलग, एकसारखा असतो. त्याला ‘सूंसूं’ म्हणावं. फरक महत्त्वाचा आहे, कारण खरखर बहुधा सैल पिनेची किंवा खराब वायरीची असते आणि मूळ टेप पुन्हा नीट वाजवली तर जाऊ शकते. सूंसूं टेपच्या अंगचीच. तशाच टेपवर पहिली नक्कल केली की ती साधारण 3 डेसिबलने वाढते, पुढच्या प्रत्येक नकलेत आणखी थोडी, म्हणून तिच्यावरून प्रत कितव्या हातची याचा अंदाज येतो. मात्र डॉल्बी-बी (सूंसूं कमी करणारी सोय) लावून भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली तरी सूंसूं वाढते, तेव्हा आधी ते पाहावं.

रेकॉर्डवरून उतरवलेलं असेल तर मोहरीसारखी ‘तडतड’. विजेच्या पुरवठ्यामुळे येते ती ‘घूं’, आपल्याकडे 50 हर्ट्‌झची. ही घूं ध्वनिमुद्रणाच्या वेळचीच असेल तर फार उपयोगी पडते: ती 53च्या आसपास सापडली तर टेप सुमारे 6 टक्के जलद वाजते आहे, म्हणजे पट्टी, गायकाचा ‘सा’, अर्ध्या सुराने चढली. हार्मोनियमवरच्या काळी एकचा गायक शेजारच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येईल. (पुरवठाही थोडा मागेपुढे होतो, तेव्हा गायकाची नेहमीची पट्टी ताडून पाहावीच.) सूर लाटेसारखा वरखाली होत असेल तर ‘सूर हलतो’ म्हणावं. आणि ‘आवाज फाटतो’ हा शब्दप्रयोग इतका नेमका आहे की तो बदलू नये. तबल्याच्या चाटीवरचा (कडेवरचा) ‘ना’ हा बोल चिरका आला की मुद्रणाची पातळी जास्त ठेवली होती. हे नंतर पूर्ण दुरुस्त होत नाही.

सगळ्यात फसवा शब्द ‘स्वच्छ’. सूंसूं काढायच्या नादात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणता गुंजारव, हीही जाते. तारा पाण्याखालून वाजल्यासारख्या येतात. म्हणून प्रत पारखताना गाणं सुरू होण्याआधीचा नुसता तानपुरा हेडफोनवर ऐकावा. जवारी मोकळी असेल तर थोडी सूंसूं खुशाल चालेल. जवारी नाही आणि सूंसूंही नाही, अशी प्रत ‘धुतलेली’.

यादीत मग असं लिहावं: ‘दुसरी नक्कल, सूंसूं मध्यम, जवारी शाबूत, द्रुतात तबला फाटतो, पट्टी किंचित चढी.’