2012ची लॉरा व्हीआरएस साडेचार लाखांना घ्यावी का? जुन्या ताकदवान गाडीची किंमत ठरवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरच्या एका डॉक्टरांची 2012ची स्कोडा लॉरा व्हीआरएस, म्हणजे लॉराची स्पोर्टी आवृत्ती, विकायची आहे. एकच मालक, साठ हजारांच्या आसपास रनिंग, मागणी साडेचार लाख. विचारणारे नांदेडचे आहेत, रोजच्या वापराला घरी दुसरी गाडी आहे, ही हौसेखातर घ्यायची आहे. ‘एवढी कमी चाललेली पुन्हा मिळणार नाही, असं सगळे म्हणतात. पण किंमत रास्त आहे का?’

संभाजीनगरात बरीच वर्षं मी हीच गाडी सांभाळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडा सांगून टाकतो. साडेचार जास्त आहेत. टायमिंग चेन (इंजिनातल्या व्हॉल्व्हची पिस्टनशी वेळ जुळवणारी साखळी) आणि ती ताणून धरणारा टेन्शनर बदलल्याचं बिल डॉक्टरांकडे असेल, तर पावणेचारपर्यंत जा. नसेल तर पावणेतीनच्या वर चढू नका. आणि साठ हजार किलोमीटर ऐकून हुरळून जाऊ नका. बारा-तेरा वर्षं झालेल्या अशा गाडीची किंमत मीटरवर कमी आणि मालकाच्या कपाटातल्या बिलांच्या फाईलमध्ये जास्त असते.

गाडी नेमकी काय आहे ते बघा. युरोपात जी ऑक्टाव्हियाची दुसरी पिढी, ती आपल्याकडे लॉरा या नावानं आली, कारण पहिली ऑक्टाव्हिया इथं अजून विकली जात होती. तिकडच्या पेट्रोल व्हीआरएसला 2.0 लिटरचं 200 पीएसचं इंजिन होतं. आपल्याकडे 2011 मध्ये जी आली तिला 1.8 लिटरचं टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, 160 पीएस, 250 एनएम आणि सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. म्हणजे साध्या लॉरा 1.8 टीएसआयला होतं तेच इंजिन. यात फायदा असा की हे इंजिन सुपर्बमध्येही होतं, त्यामुळे त्याचे पार्ट अजून मिळतात. पण त्यातच एक गोमही आहे. साध्या लॉराला बंपर, स्पॉयलर आणि लाल कॅलिपर लावून मागे बिल्ला चिकटवला की लांबून फरक कळत नाही. डॉक्टर पहिले मालक आहेत, तेव्हा मूळ शोरूमचं इन्व्हॉइस आणि आरसीवरचं मॉडेल नजरेखालून घाला. शंका घ्यायची म्हणून नाही, उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचा हेच विचारणार आहे.

आपल्या भागात अशा गाड्यांचं वेड जुनंच आहे. 2010च्या ऑक्टोबरात औरंगाबादकरांनी एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या, 65 कोटींची खरेदी, देशभर बातमी झाली. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, ही लॉराही तिथंच जुळलेली. ऑडीही तिथंच जुळायच्या. त्या दिवसांतल्या बऱ्याच गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे फिरताना दिसतात. त्यामुळे या जर्मन-झेक इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री जालना रोडला शोधले तर सापडतात. नांदेडात असा माणूस हाताशी आहे का, ते गाडीच्या आधी शोधा. माझ्या मते हा किमतीचाच भाग आहे. दर खेपेला ट्रेलरवर टाकून गाडी संभाजीनगरला किंवा हैदराबादला न्यायची असेल, तर फुकट मिळालेली लॉरासुद्धा महाग पडेल.

आता इंजिन, कारण सगळा खेळ तिथं आहे.

या काळातल्या 1.8 टीएसआयचा चेन टेन्शनर हा तिचा बदनाम भाग. तो ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की दाब उतरतो, आणि जुन्या डिझाइनच्या टेन्शनरची आतली पकड झिजली असेल तर तो मागं सरकतो. चेन सैल होते, सकाळी स्टार्टर मारला की ती चाकाचा दात सोडून उडी घेते, आणि व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनला भिडतात. पुढचं बिल गाडीच्या किमतीला टेकतं. इथं वर्षं मोजायची, किलोमीटर नाही. उलट आठवड्यातून एकदा दवाखान्यापर्यंत जाऊन येणारी, इंजिन नीट तापायच्या आत बंद होणारी गाडी जास्त सोसते.

म्हणून लातूरला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच फोन करून सांगा, ‘डॉक्टरसाहेब, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर पालथा हात ठेवा. गार लागलं तर पुढं. दुसऱ्या कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही इंजिनाच्या चेनच्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूनं पुढे, कान देऊन उभे राहा. स्टार्ट होताच सेकंदभर डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट आला आणि मग एकदम शांत झालं, तर तिथंच समजा की चेनचं काम आपल्या गळ्यात आहे. आवाज नाही आला तरी एवढ्यावर विश्वास ठेवू नका. चेनच्या खालच्या झाकणाला एक रबरी बूच असतं. ते काढून टॉर्च मारला की टेन्शनर किती दात बाहेर आलाय ते जाणकार मिस्त्रीला दिसतं. चांगला स्कॅनर असेल तर कॅमशाफ्टचा कोन किती ढळलाय तेही वाचता येतं. हे काम चांगल्या खासगी गॅरेजात पार्टसकट पाऊण लाखाच्या आसपास धरून चाला. पावणेचार आणि पावणेतीन यांतला फरक मी मुख्यतः इथूनच काढलाय, आणि त्यावर ऑइलची जोखीम.

ऑइल ही दुसरी गोष्ट. या पिढीच्या पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक होत्या, त्यांची भोकं कार्बननं बुजतात आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं. मी म्हणतो, एवढं पीत असेल तर ती गाडी सोडा. डॉक्टरांना सरळ विचारा: दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल टाकावं लागतं का? ‘कधीच बघितलं नाही’ हे उत्तर आलं, तर ते मला ‘हो’पेक्षा जास्त काळजीचं वाटतं. उत्तर काहीही येवो, डिपस्टिक स्वतः काढून बघा.

बाकीचं भराभर सांगतो. थर्मोस्टॅट आणि पाण्याच्या पंपाचं घर प्लास्टिकचं असतं, ते तडकून गुलाबी कूलंट गळतं. इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये असल्यानं इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते, पिकअप मंद होतो, साफसफाई करून घेता येते. इग्निशन कॉइल जातात, त्या स्वस्त आहेत. एसी मात्र दुपारी एकच्या उन्हात, गाडी एका जागी उभी ठेवून तपासा. आपल्याकडचा मे महिना या गाडीच्या फॅनची आणि कंडेन्सरची जी परीक्षा घेतो, ती युरोपात कोणी घेत नाही.

टायरबद्दल जरा थांबून बोलायला हवं. कमी चाललेल्या गाडीचे टायर खूपदा चकचकीत दिसतात, नक्षी भरपूर असते, आणि तिथंच लोक फसतात. टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 3216 असतील तर 2016च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. सहा-सात वर्षांपुढचा असेल तर चारही नवे लागणार, पन्नास हजारांच्या आसपास किमतीतून वजा करा. तुम्ही ही गाडी समृद्धीवर घालणार, हे न सांगताही मला माहीत आहे. तिथं 120ची मर्यादा आहे, काँक्रीट तापलेलं असतं आणि म्हातारं रबर अशा ठिकाणी दगा देतं. स्टेपनीचेही आकडे वाचा, ती तर कारखान्यातूनच आलेली असू शकते.

सस्पेन्शनसाठी गाडी मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत न्यायची गरज नाही. काळ्या मातीवरचे रस्ते लाटा धरतात हे तुम्हाला माहीत आहेच. तशा एखाद्या रस्त्यावर साठच्या वेगानं चालवा. खालून ठकठक आली की लोअर आर्मचे बुश किंवा लिंक रॉड. जीवघेणं काही नसतं, पण घासाघीस करताना कामाला येतं.

गाडी रीमॅप केलीय का, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलीय का, हेही विचारा. या इंजिनातून जादा ताकद सहज निघते, म्हणून बऱ्याच जणांनी काढली. विकणारे त्याचे जास्त पैसे मागतात. मी कमी देईन, कारण क्लच आणि टर्बोनं तो भार आधीच सोसलेला असतो आणि विम्याला कळवलेलं नसतं.

आता विकणारे हमखास जो दाखला देतात त्याबद्दल. 2017ची ऑक्टाव्हिया आरएस, 230 पीएसची, किंमत टिकवून आहे. 2020ची आरएस 245 फक्त 200 आली होती. आणि 2025च्या ऑक्टोबरात आलेली 265 पीएसची नवी आरएस जवळपास 50 लाखांची, तीही शंभरच. ‘बघा, आरएस म्हटलं की भाव कसा!’ असं कोणी म्हणालं तर मान हलवा आणि गप्प राहा. त्या गाड्यांचं इंजिन पुढच्या पिढीचं आहे आणि ताकद फार वेगळी. लॉरा व्हीआरएसची तुलना चांगल्या ठेवलेल्या साध्या लॉरा 1.8शीच करायची, वर सीट, सस्पेन्शन आणि दुर्मिळपणाचे थोडे पैसे द्यायचे. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या गाड्यांचा जीएसटी उतरला, त्याची झळ जुन्या बाजारालाही लागली आहे. घासाघीस करताना हेही बोलून दाखवा.

विमा हा विषय लोक शेवटी काढतात, पण हौसेच्या गाडीला तो महत्त्वाचा आहे. पहिली पाच वर्षं आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, किती घसरायची याचा तक्ता ठरलेला असतो. पाच वर्षांनंतर ती विमा कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. एजंट हप्ता कमी दाखवायला आयडीव्ही दीड लाखावर आणून ठेवतात. मग समोर कुत्रं आलं, बंपर, हेडलाइट आणि रेडिएटर गेले, दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. नीट चालणारी गाडी भंगाराच्या रांगेत, तुमच्या हातात दीड लाख. म्हणून आयडीव्ही वर ओढून घ्या, हप्ता थोडा वाढू द्या. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टची घट न कापता भरपाई देणारा विमा, सहसा मिळत नाही, आणि त्याशिवाय प्लास्टिक-रबरच्या पार्टचा निम्मा खर्च तुमच्या खिशातून. व्हीआरएसचा पुढचा बंपर तर मिळायलाच महिना लागू शकतो. कुठं चांगला दिसला तर घेऊन माळ्यावर टाका. माझ्या माळ्यावर आहे, आणि बायकोनं त्याबद्दल बोलणं आता सोडून दिलंय.

पेट्रोलचंही सांगायला हवं. ही गाडी बनली तेव्हा पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, नव्हतं. आपलाच ऊस, आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची! मायलेज थोडं उतरतं. जास्त काळजी जुन्या रबरी नळ्यांची आणि महिनोन्महिने टाकी अर्धी ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीची. आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेल इतकी चालवा आणि नळ्या मिस्त्रीला दाखवून घ्या. 

कागदपत्रांत एक गोष्ट किमतीला थेट भिडते. 2012ची नोंदणी म्हणजे 2027 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण. दिल्लीसारखी जुन्या गाड्यांवरची बंदी आपल्याकडे नाही, पण फिटनेस, नूतनीकरणाची 5,000 रुपये फी आणि वर पर्यावरण कर, असा फेरा तुमच्या वाट्याला येणार आहे. हे डॉक्टरांसमोर मांडा, दहा-पंधरा हजार सहज सुटतील. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं एनओसी आधी, पैसे नंतर. जुनी चलनं ऑनलाइन तपासा. नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, बसवलीय का बघा, आणि बसवली नसेल तर ती डॉक्टरांनाच बसवायला सांगा, कारण त्याशिवाय आरटीओतलं ट्रान्सफरचं काम अडू शकतं. लातूरची एमएच 24 आणि नांदेडची एमएच 26, दोन्ही महाराष्ट्रातच असल्यानं नंबर तोच राहील.

चेनचं बिल नसेल आणि डॉक्टर पावणेतीनला तयार नसतील, तर त्यांना एक सुचवून बघा: चेन तुमच्या पसंतीच्या गॅरेजात त्यांच्या खर्चानं बदलायची, जुना टेन्शनर तुम्ही हातात घेऊन बघायचा, आणि मग पावणेचार. डॉक्टर पहिले मालक आहेत, गाडीवर जीव असेल तर हो म्हणतील. इसार म्हणून पाच-दहा हजारांच्या वर काही देऊ नका, आणि त्याची पावती घ्या.