सव्वा किलोचा लॅपटॉप की सव्वादोन किलोचा?

प्रश्न: डोंबिवलीहून इंटिरियर डिझाइनची कामं स्वतंत्रपणे घेते. वर्षाची फी साधारण ९ लाख. आठवड्यातून ४ दिवस लोकलने मुलुंड, दादरच्या साइटवर जाते. एक लॅपटॉप १.३ किलोचा, ९८,००० रुपयांचा, पण त्याला दोनच टाइप-सी पोर्ट. दुसरा २.३ किलोचा, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्सचा, सगळे पोर्ट असलेला, १,१८,००० रुपयांचा. थ्रीडी व्ह्यू, म्हणजे तयार झाल्यावर खोली कशी दिसेल त्याची चित्रं, सध्या बाहेरून करून घेते, महिन्याला ४, प्रत्येकी २,५०० रुपयांना. शिल्लक १,६०,००० आणि घरखर्च महिना ४०,०००. दुकानदार म्हणतो, घसाऱ्यावर कर वाचेल, महागाचाच घ्या. काय करू?

उत्तर: आधी कराचा मुद्दा निकालात काढू. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे किमतीतला तेवढा भाग वर्षाच्या खर्चात धरता येतो, हे खरं, पण तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. आयकरात ज्याला सगळे ४४एडीए म्हणतात त्या अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने निम्मी फी उत्पन्न म्हणून दाखवत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुमचा कर तसाही शून्य आहे. जीएसटीचंही तेच. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने तुमची नोंदणी नसणार, म्हणजे १,१८,००० मधले १८,००० परत येत नाहीत. तेव्हा पूर्ण किंमत आपल्या खिशातून जाते असं धरूनच चला.

आता कामाचा हिशेब. जड मशीनच्या ग्राफिक्सवर व्ह्यू घरी केलेत तर महिन्याला १०,००० वाचतात, पण तुमचा वेळ जातो. लाइट आणि मटेरियल लावायला एका व्ह्यूला ३ तास धरले तर महिन्याला १२ तास. तुमची फी महिन्याला ७५,०००, कामाचे तास १६०, म्हणजे तासाला सुमारे ४७०. वेळेची किंमत ५,६०० च्या आसपास, म्हणून खरी बचत साधारण ४,४०० रुपये. हलक्या मशीनला बरा हब, म्हणजे जादा पोर्टची डबी, लागेल; तिला टीव्ही जोडायचा एचडीएमआय पोर्ट हवा आणि चार्जिंगही तिच्यातून लॅपटॉपकडे जायला हवं, ४,००० धरा, एकूण १,०२,०००. जड मशीनला प्रवासासाठी १०० वॉटचा टाइप-सी चार्जर, ३,००० धरा, एकूण १,२१,०००. फरक १९,०००, तो साडेचार महिन्यांत वसूल होतो. म्हणून माझा कौल जड मशीनला. महिन्याला एकच व्ह्यू लागत असता तर त्याला सतरा महिने लागले असते, आणि मी बिनदिक्कत हलका घ्या म्हटलं असतं.

यात एक मोठी अट आहे, सॉफ्टवेअरची. रेंडरिंगच्या, म्हणजे मॉडेलवरून व्ह्यू बनवण्याच्या, सॉफ्टवेअरचं वार्षिक भाडं डोक्यावर घेतलंत तर वर्षाच्या ५२,००० च्या बचतीतला मोठा वाटा तिथेच जाईल. ट्विनमोशन हे असंच सॉफ्टवेअर वर्षाला १० लाख डॉलरच्या आत उलाढाल असलेल्यांना फुकट आहे. सुरुवात त्याच्यावर करा. पहिले दोन महिने निम्मे व्ह्यू बाहेरच द्या. हात बसायला वेळ लागतो, आणि क्लायंटची तारीख थांबत नाही.

वजनाचं मात्र मी हलक्यात घेत नाही. जाहिरातीतला आकडा नुसत्या लॅपटॉपचा असतो. जड मशीनचा अडॅप्टर पाऊण किलोच्या घरात जातो, म्हणजे पिशवीत तीन किलो, वर लॅमिनेटचे फोल्डर. संध्याकाळच्या गर्दीत ते खांद्याला नक्की जाणवतं. पण रेंडरिंग साइटवर होतच नाही. बॅटरीवर ग्राफिक्सला पुरेशी वीज मिळत नाही, वेग पडतो. ते काम रात्री घरी, प्लगला लावूनच करायचं. मग मोठा अडॅप्टर घरच्या टेबलाखालीच राहू द्या. साइटवर ड्रॉइंग दाखवायला, मापं बदलायला टाइप-सी चार्जर पुरतो. पिशवी अडीच किलोवर येते. मानेचं किंवा पाठीचं दुखणं आधीपासून असेल, तर मात्र माझा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि हलका घ्या.

पोर्टच्या बाबतीत लोक हमखास फसतात. टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चित्र टीव्हीवर जाईलच असं नाही; काही पोर्ट नुसता डेटा नेतात, काहींतून चार्जिंगही होत नाही. स्वस्त हब फोर-के टीव्हीला ३० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रंच, देतात; क्लायंटसमोर वॉकथ्रू (मॉडेलच्या आतून फेरफटका) फिरवताना माउस अडखळतो. अंगचा एचडीएमआय असला की ही कटकटच नाही. ग्राफिक्सचं नाव एकच असलं तरी आरटीएक्स ४०६० काही लॅपटॉपात ६० वॉटवर बांधलेला असतो, काहींत ११५ वर. वॉट जास्त तसा वेग जास्त, म्हणून हा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. रॅम १६ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरा स्लॉट रिकामा आहे का, तेही पाहा.

पैसे कसे भरायचे? रोख दिलेत तर हातात ४०,००० सुद्धा उरणार नाहीत, जेमतेम महिन्याभराचा खर्च. ज्याची फी कधी येईल सांगता येत नाही, त्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च हवा. तुमच्याकडे आत्ताच चार महिन्यांचा आहे. म्हणून ९ महिन्यांचे विनाव्याज हप्ते घ्या, महिन्याला १३,१११. ते पूर्ण विनाव्याज नसतात. व्याजाएवढी सूट आधी मिळते, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतोच. व्याज ७,००० असेल तर १,२६०, शिवाय प्रोसेसिंग फी. रोखीवर यापेक्षा बरीच मोठी सूट मिळत असली, तरी गंगाजळी रिकामी करू नका. सगळे व्ह्यू घरी होऊ लागले की बाहेर जाणारे १०,००० हप्त्याला लागतील, वरचे ३,१११ फीमधून. हप्ता चुकवू नका. कार्डाचं थकबाकीवरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातं.

दुकानात जाताना तुमच्या सगळ्यात जड मॉडेलची फाइल पेनड्राइव्हवर न्या. अडॅप्टर लावून पंधरा मिनिटं ते फिरवत राहा. पहिल्या मिनिटाचा वेग शेवटी टिकतो का ते बघा. मग अडॅप्टर काढून टाइप-सी चार्जर लावा आणि चार्जिंगची खूण दिसते का ते पाहा. दिसली नाही, तर ते मॉडेल सोडून द्या.