वाचकांचे प्रश्न : दोन याद्या जुळत का नाहीत?

(आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकाव्यात. 'कॅपिटल' म्हटले नसेल तिथे लहान अक्षर.)

प्रश्न : वाचनालयाच्या गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या सभासदांच्या दोन फायली आहेत, एका ओळीत एक नाव. यंदा वर्गणी न भरलेले सभासद शोधायला लिनक्सवर 'कॉम' (सी-ओ-एम-एम, दोन याद्या ताडून पाहणारा प्रोग्राम) चालवला, तर जवळपास सगळीच नावे 'फक्त पहिल्या यादीत' आली. डोळ्यांना तर ती दोन्हीकडे दिसतात.
– ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : सगळीच नावे वेगळी निघतात तेव्हा दोष बहुधा नावांत नसतो, ओळीच्या शेवटी असतो. विंडोजवर जतन केलेल्या फायलीत प्रत्येक ओळीअखेर एक जादा अदृश्य खूण असते. 'कॉम' ओळ जशीच्या तशी ताडून पाहतो, त्यामुळे एका खुणेनेही नाव परके ठरते. गेल्या वर्षीच्या फायलीचे नाव 'जुनी' आणि यंदाच्या फायलीचे 'नवी' असे धरू. 'फाइल नवी' ही आज्ञा द्या. उत्तरात 'सीआरएलएफ' (विंडोजची ओळीअखेरची खूण) दिसले तर कारण सापडले. 'बीओएम' दिसले तर फायलीच्या अगदी सुरुवातीलाही एक खूण चिकटली आहे आणि त्यामुळे फक्त पहिले नाव चुकते. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून काढलेल्या फायलीत ती असतेच. 'डॉस२युनिक्स नवी' या आज्ञेने दोन्ही खुणा जातात. ओळीअखेरच्या मोकळ्या जागा मात्र राहतात. त्यांच्यासाठी 'सेड' ही मजकूर बदलणारी आज्ञा:

सेड -आय 'एस/ *$//' नवी

एवढे करूनही 'कऱ्हाडकर', 'गोऱ्हे' अशी मोजकीच नावे अडत असतील तर ती मराठीची खास अडचण आहे. ऱ्ह मधला अर्धा र दोन रीतींनी टंकला जातो : काही कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात, तर काही साधा र, हलन्त आणि 'झीरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य अक्षर. पडद्यावर दोन्ही सारखेच, फायलीत वेगळे. युनिकोडचे 'एनएफसी' प्रमाणीकरण र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) यांचा ऱ करते, पण या जॉइनरला हात लावत नाही. म्हणून जॉइनरचे रूप 'सेड'नेच बदलून 'ऱ'चे करावे. जॉइनरचे रूप फायलीतूनच कॉपी करा, हाताने टंकू नका. 'कऱ्हाड' आणि 'कराड' हा फरक मात्र कोणतीही आज्ञा मिटवणार नाही. तो माणसानेच ठरवायचा.

दोन्ही फायलींची सफाई झाल्यावर त्या 'सॉर्ट'ने क्रमाने लावा आणि मग ताडा, कारण 'कॉम'ला क्रमाने लावलेल्याच फायली लागतात:

एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी (चिन्हाच्या दोन्ही बाजूंची अक्षरे कॅपिटल)
सॉर्ट -यू जुनी > जुनी-क्रम
सॉर्ट -यू नवी > नवी-क्रम
कॉम -२३ जुनी-क्रम नवी-क्रम

पहिली ओळ गाळू नका. 'सॉर्ट' आणि 'कॉम' यांना एकच वर्णक्रम लागतो आणि तो भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदलतो. '-यू' दुबार नावे काढते. ती राहिली तर जुन्यात दोनदा आणि नव्यात एकदा असलेले नाव एकदा 'दोन्हीकडे' आणि एकदा 'फक्त जुन्यात' असे धरले जाते. '> जुनी' असे त्याच फायलीत मात्र कधीही लिहू नका. 'सॉर्ट' वाचायला लागण्याआधीच शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ती फाइल रिकामी करते.

'-२३' म्हणजे दुसरा आणि तिसरा स्तंभ लपवा. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पहिला स्तंभ फक्त जुन्यातला, दुसरा फक्त नव्यातला, तिसरा दोन्हींतला. नवे सभासद हवेत तर '-१३', कायम राहिलेले हवेत तर '-१२'.

प्रश्न : सभासद क्रमांक 'सॉर्ट -एन'ने लावले, तरी 'कॉम' म्हणतो की फाइल क्रमाने नाही.

उत्तर : '-एन' काढा. 'कॉम'ला अंकांचे मोल कळत नाही, तो अक्षरक्रम पाहतो आणि त्यात १० हा २ च्या आधी येतो. निकाल हाती आल्यावर तो हवा तर '-एन'ने लावा.

प्रश्न : यादीचा मूळ क्रम मोडायचा नाही, म्हणून नवे क्रमांक शोधायला 'ग्रेप -व्ही -एफ जुनी नवी' (जुनीतल्या नमुन्यांशी जुळणाऱ्या ओळी वगळून नवीतल्या बाकी ओळी छापा) वापरले. काही नवे क्रमांक गळाले, आणि एकदा तर काहीच छापले गेले नाही.

उत्तर : जुन्या यादीतला १२ हा ११२ आणि १२५ यांच्या पोटातही सापडतो, म्हणून ते क्रमांक गळाले. काहीच न छापले जाण्याचे कारण जुन्या फायलीतली एखादी रिकामी ओळ. रिकामा नमुना प्रत्येक ओळीशी जुळतो आणि '-व्ही' सगळेच वगळते. शिवाय नमुन्यातला टिंब कोणत्याही अक्षराशी जुळतो. म्हणून कॅपिटल एफ (मजकूर जसाच्या तसा घ्या) आणि एक्स (पूर्ण ओळ जुळली तरच) हे दोन पर्याय जोडा:

ग्रेप -एफ(कॅपिटल) -एक्स -व्ही -एफ जुनी नवी

शेवटचा एफ लहान, कारण त्याच्यापुढे नमुन्यांच्या फायलीचे नाव येते. इथे 'सॉर्ट' लागत नाही आणि नव्या यादीचा क्रम तसाच राहतो. ओळीअखेरच्या खुणांची सफाई मात्र इथेही आधी करावी लागते.