लेबलवर नाव कोणाचं आहे ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग जुनी चिडचिड वर आली. जर्मनीहून मागवलेला पटाशांचा संच १९ दिवस मुंबईत पडून, ट्रॅकिंगवर 'कागदपत्रं प्रलंबित', आणि फोन केला की दर वेळी नवा माणूस नवं कारण सांगतो. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "पत्ता वर्कशॉपचा दिला होता, तिथे कायम कोणीतरी असतं." माझा अंदाज, घोडं तिथेच पेंड खातंय.

माझी गोष्ट २०२२ ची. कराडला वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. सहा बाय आठचं, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण पाटीवर आडनाव आणि पुढे दिमाखात 'वॉच कंपनी'. जुन्या घड्याळजींमध्ये ही पद्धतच होती. वडील २०१८ साली गेले, दुकान बंद झालं. मी नोकरी करतो, संध्याकाळी हौस म्हणून तिथे बसून जुनी चावीची घड्याळं उघडतो. मेन स्प्रिंग हातानं डबीत भरायला गेलं की ती हमखास पिळवटते, बोटाचा घाम लागतो तो वेगळाच. म्हणून जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडून स्प्रिंग गुंडाळायचं छोटं यंत्र मागवलं. मुठीत मावेल एवढं. घर दिवसभर बंद, दुकानाशेजारचा झेरॉक्सवाला पार्सल घेऊन ठेवतो, म्हणून पत्त्यात माझ्या नावाखाली दुकानाचं नाव टाकलं. विक्रेत्याच्या फॉर्ममध्ये वेगळा रकाना होता, तोही इमानदारीत भरला.

झालं. लेबल छापताना 'वॉच कंपनी' वर गेली आणि मी खाली.

कुरियरच्या (नाव घेत नाही) केवायसी विभागाचं पहिलं मेल: कंपनीचा पॅन, जीएसटी नंबर आणि आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याला मिळणारा सरकारी नंबर) पाठवा. मी कळवलं, कंपनी नाही, हे माझ्या वैयक्तिक वापराचं आहे, हे घ्या माझं आधार. उत्तर: नाव जुळत नाही. मी वडिलांचा मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर: कृपया कंपनीच्या लेटरहेडवर अधिकृत व्यक्तीच्या सहीशिक्क्यानं पत्र द्यावे. त्या रात्री खरंच मी दुकानातलं जुनं बिलबुक काढलं. रबरी शिक्का वाळून तडकला होता, पॅडवर थुंकी लावून उठवून पाहिला तर निम्मं आडनाव उठलं. मग भानावर आलो. बंद पडलेल्या दुकानाच्या नावानं सही करायची म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा. तसं स्पष्ट लिहून पाठवलं तर उत्तर आलं की बंद कंपनीला आयात करता येत नाही! आठ-दहा मेल, प्रत्येकाखाली वेगळं नाव, आधीचं कुणीच वाचलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी एका गैरसमजात घालवला. 'कस्टम्समध्ये अडकलंय' असं मी सगळ्यांना सांगत होतो, कस्टम्सला शिव्या देत होतो. प्रत्यक्षात कस्टम्सपुढे माझा कागद गेलाच नव्हता. कुरियरनं बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सकडे भरायचा कागद) भरलंच नव्हतं, पार्सल त्यांच्याच गोदामात होतं आणि त्याच गोदामाचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, माझ्या नावावर चढत होतं. हे मला २६ व्या दिवशी ओळखीच्या एका क्लिअरिंग एजंटनं दोन मिनिटांत सांगितलं. तेव्हा उद्या फोन केलात की एवढंच विचारा: "बिल ऑफ एंट्री भरलंय का? भरलं असेल तर नंबर आणि तारीख द्या." नुसतं 'प्रोसेसमध्ये आहे' असं ऐकून फोन ठेवू नका.

भरलं नसेल तर अजून हातात आहे. विक्रेत्याला लिहा, घेणाऱ्याचं नाव चुकलं म्हणून दुरुस्त इन्व्हॉइस आणि कुरियरसाठी एक पत्र द्या. दुरुस्ती पाठवणाऱ्याकडून गेली की हलते, आपण शंभर मेल केले तरी नाही, निदान माझा अनुभव तसा. मी हे करेपर्यंत माल परत पाठवायचा शेरा पडला होता. विक्रेत्यानं वस्तूचे पैसे दिले, जाण्यायेण्याचं भाडं कापून. डेमरेजसकट साडेसहा हजारांना बसलं ते, हातात काही न येता.

(मी एजंट नाही, वकीलही नाही. एका माणसाचा एक अनुभव आहे, नियम बदलतात, स्वतः खात्री करा.)

आता तुम्ही पटाशा विकायच्या फर्निचरसाठी वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. मग आयईसी काढाच. डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) साइटवर ५०० रुपयांत निघतो, नंबर म्हणजे आपला पॅनच. फक्त दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. धंद्याचा माल वैयक्तिक म्हणून दाखवा असा सल्ला मी देणार नाही.

खाली एकानं "विक्रेत्याला गिफ्ट लिहायला सांगा" असं सुचवलंय, ते कृपया ऐकू नका. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची कस्टम्स ड्युटीतली सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली, राखी वगैरे मोजके अपवाद सोडून. आणि किंमत कमी दाखवली तर तुमच्या बँकेचं स्टेटमेंट मागतील तेव्हा काय दाखवणार? शिवाय ड्युटी नुसत्या वस्तूवर नसते, वाहतूक खर्चही त्या किमतीत धरतात. ऑर्डर करतानाच ते गणित करायचं.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर किलो-दोन किलोच्या आतली गोष्ट, घाई नसेल तर, पोस्टानं मागवावी. तेच यंत्र मी पुढे पोस्टानं मागवलं. १३ अक्षरी नंबर, शेवटी डीई. मध्ये दहा दिवस ट्रॅकिंग मुकं होतं, पण २३ व्या दिवशी पोस्टमन दारात. ड्युटी तिथेच घेतली, पावती दिली. पोस्टाबद्दल उलटे अनुभव असलेलेही इथे आहेत, त्यांनी मला फाडून खाऊ नये.

तक्रारीचं म्हणाल तर खासगी कुरियरसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पोस्ट किंवा कस्टम्ससाठी केंद्राचं तक्रार पोर्टल. मी १९१५ वर नोंदवली होती. डेमरेज निम्मं झालं, म्हणजे वरचा आकडा निम्मं झाल्यानंतरचा आहे.

आणखी एक. पार्सल खरंच अडकलेलं असताना 'पत्ता अपूर्ण, २५ रुपये भरा' असा एसएमएस आला की तो खरा वाटतो. माझ्या बायकोनं लिंक उघडलीही होती, कार्ड नंबर टाकायच्या आत थांबली. आधार पाठवायचंच तर मास्क केलेलं (पहिले आठ आकडे झाकलेलं) पाठवा आणि प्रतीवर 'फक्त या पार्सलसाठी' असं तारखेसकट आडवं लिहा.

विक्रेत्याकडून आजच लेबलचा फोटो मागवा आणि पहिल्या ओळीत नेमकं काय छापलंय ते इथे लिहा. पार्सलचा नंबर झाकून.