काचेचा ग्लास आणि इस्त्रीचा शर्ट

प्रश्न : ताई, माझे वय 32 आहे आणि लग्नाला 5 वर्षे झाली आहेत. मी आणि माझा नवरा रोज रात्री एक मालिका बरोबर बसून पाहतो. तिच्यातल्या नायकाला नायिकेचा कार्यालयातला मित्र सहन होत नाही. मध्यंतरी ती दोघे हसत बोलताना त्याने पाहिली आणि त्याच्या हातातला काचेचा ग्लास मुठीतच फुटला. मग नायिकेने त्याच्या हाताला पट्टी बांधली. ते पाहून मला रडू आले, कारण माझ्यासाठी असे कुणी कधी जळलेच नाही. म्हणून एके रात्री मी नवऱ्याला सांगितले, की एका सहकाऱ्याने माझे फार कौतुक केले आणि नंतर आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो होतो. कौतुक खरे होते, बोलत बसल्याचे मी पदरचे जोडले. तो तेव्हा माझा दुसऱ्या दिवशीचा शर्ट इस्त्री करत होता. "छान. कुणीतरी दखल घेतली," एवढेच म्हणाला. त्याला काहीच कसे वाटले नाही? त्याचे मन दुसरीकडे तर नाही ना, या शंकेने मी त्याचा फोन गुपचूप तपासू लागले आहे. काही सापडत नाही आणि चैनही पडत नाही. गेल्या 6 महिन्यांपासून नव्या नोकरीमुळे तो उशिरा आणि थकून घरी येतो. ज्याला मत्सर वाटत नाही, त्याचे प्रेम असते का? – एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : हो, असू शकते. मत्सर नसणे हा प्रेम नसल्याचा पुरावा होत नाही, आणि मत्सर असणे हा प्रेम असल्याचा तर मुळीच नाही. परंतु एवढ्याने तुमचे समाधान होणार नाही हे मला दिसते आहे, कारण तुमच्या मनात प्रश्नापेक्षा तो फुटलेला ग्लास जास्त खोल रुतला आहे. तेव्हा आधी त्याच्याकडेच पाहू.

चित्रीकरणासाठी फोडायच्या काचा साखरेच्या पाकापासून किंवा राळेपासून बनवतात. त्या मुठीत चुरडल्या तरी सहसा हात कापत नाही. रक्त रंगाचे असते. मूठ आवळली जात असताना चेहरा तीन वेगवेगळ्या बाजूंनी दाखवतात, पार्श्वसंगीत वर चढते, आणि ज्या नायिकेला एरवी समोरच्या खोलीतले भांडण ऐकू येत नाही तिला हा एक बारीकसा आवाज मात्र बरोबर ऐकू जातो. हे सारे मी कुचेष्टेने सांगत नाही. मीही अशी एक मालिका वर्षानुवर्षे पाहिली आहे आणि पाहुणे बसलेले असताना एक डोळा पडद्यावर ठेवण्याचे पापही केले आहे. सांगायचे आहे ते असे, की त्या दृश्यात आपल्याला गोडवा वाटतो तो आपण सर्वज्ञ असतो म्हणून. नायकाचे तिच्यावर प्रेम आहे हे आपण शेकडो भागांपासून जाणतो, नायिका निर्दोष आहे हे आपण शेजारच्या खोलीत बसून ऐकलेले असते, आणि कितीही ताणले तरी ही दोघे अखेर एकत्र येणार याची खात्री असते. इतक्या खात्रीच्या गादीवर बसून पाहिलेला मत्सर शृंगारासारखा दिसतो.

तोच ग्लास खऱ्या घरात फुटला, तर पट्टी बांधणाऱ्या बाईचे काय होते, हे मालिका दाखवत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये मात्र ते असते. ती दुसऱ्या दिवशी त्या मित्राचे नाव बोलण्यातून गाळते. मग कार्यालयात घडलेले विनोद गाळते. मग हसत घरी येण्याआधी दाराशी क्षणभर थांबून चेहरा सारखा करते. सहा महिन्यांत तिच्या बोलण्यात सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि नवरा म्हणतो की ही हल्ली माझ्यापासून काहीतरी लपवते. तुम्हाला हेवा वाटतो आहे तो या बाईचा, एवढे लक्षात असू द्या.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात या विषयाचा विचार फार बारकाईने झालेला आहे, आणि तुमच्या पत्रानिमित्त मला तो पुन्हा आठवला. नाट्यशास्त्राने रतीला स्थायी भाव मानले आणि शंका व असूया यांना 33 संचारी भावांमध्ये बसवले. म्हणजे प्रेम मुक्कामाला असते आणि शंका, असूया येऊन जातात. रोज रात्री चालणाऱ्या मालिकेला हा क्रम परवडत नाही. प्रेम शांतपणे मुक्कामाला राहिले तर उद्याच्या भागात घडायचे काय? म्हणून तिथे असूयेला घर दिले जाते आणि प्रेम सणासुदीला पाहुण्यासारखे येते. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात रुसव्याचे, म्हणजे 'माना'चे, दोन प्रकार सांगितले : प्रणयमान आणि ईर्ष्यामान. ईर्ष्यामान कशाने उद्भवतो? प्रियकराचे दुसरीकडे असलेले लक्ष पाहिल्याने, ऐकल्याने किंवा अनुमानाने. (शास्त्रकारांनी हा मान फक्त स्त्रियांच्या पदरात टाकला, मालिकांनी तो पुरुषांनाही वाटून दिला, ही त्यातल्या त्यात प्रगतीच म्हणायची.) आता तुमच्या शंकेला ही तीन खणांची पेटी लावून पाहा. तुम्ही काही पाहिले आहे का? नाही. कुणाकडून ऐकले आहे का? नाही. जे आहे ते अनुमान, आणि तेही एका वाक्याच्या उत्तरावरून बांधलेले.

विश्वनाथ इतक्यावर थांबत नाही. मान घालवण्याचे सहा उपायही सांगतो : साम, भेद, दान, नति, उपेक्षा आणि रसांतर. साम म्हणजे प्रिय बोलणे. भेद म्हणजे सखीला आपल्या बाजूने वळवणे, दान म्हणजे काही निमित्ताने भेट देणे, नति म्हणजे पाया पडणे. हे काहीच चालेनासे झाले की उपेक्षा. आणि रसांतर म्हणजे अचानक भीती, हर्ष असे काही उद्भवून रुसवा आपोआप मोडणे. तुमच्या मालिकेतली आजवरची भांडणे आठवा आणि ती कशाने मिटली ते मोजा. अपघात, आग, अपहरण, रुग्णालयाच्या दाराबाहेर लागलेला लाल दिवा. जवळपास प्रत्येक वेळी रसांतरच. सामाला तिथे मज्जाव असतो. नायिका "मला तुला काहीतरी सांगायचे आहे" म्हणाली, की फोन वाजतो किंवा कुणीतरी दारात येते, कारण ती दोघे दहा मिनिटे नीट बोलली तर तीन महिन्यांचे कथानक त्या दहा मिनिटांत संपेल.

तुमच्या घरात अपहरण व्हायचे नाही. तुमच्या आवाक्यात असलेला उपाय सामाचा आहे, आणि नेमका तोच तुम्ही वापरला नाहीत. येथे मला तुमच्याशी थोडे कठोर व्हावे लागेल. "मला हल्ली एकटे वाटते" हे वाक्य सांगण्याऐवजी तुम्ही एक प्रवेश लिहिलात, त्यात सहकाऱ्याला भूमिका दिलीत, संभाषण रचलेत आणि नवऱ्याला संहिता न देताच त्याच्या संवादाची वाट पाहिलीत. त्याने स्वतःच्या स्वभावाप्रमाणे उत्तर दिले. पत्नीचे कामाच्या ठिकाणी कौतुक झाले, ही त्याच्या दृष्टीने चांगली बातमी होती. ती ऐकून त्याला बरे वाटले, एवढाच त्या वाक्याचा सरळ अर्थ निघतो. तुम्ही त्याला नापास केलेत, पण प्रश्नपत्रिका त्याला दिली नव्हती आणि तिच्यातला अर्धा मजकूर खोटा होता.

फोन तपासण्याचेही तसेच. काही सापडत नाही तरी चैन का पडत नाही, याचे कारण तुमच्या नवऱ्यात नसून त्या तपासण्यातच आहे. फोन पाहिला की क्षणभर हायसे वाटते. ते हायसे वाटणे टिकत नाही, म्हणून पुन्हा पाहावेसे वाटते. आणि प्रत्येक फेरीत मन एवढेच शिकते, की पाहिले तरच जीव खाली पडतो. शिवाय काही न सापडणे म्हणजे काही नसणे, हे संशयी मन कधी मान्य करत नाही. त्याला वाटते, पुसून टाकले असेल. असा तपास कितीही केला तरी निर्दोष सुटका कुणाचीच होत नाही.

आता तुमच्या नवऱ्याच्या शांतपणाविषयी. जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञाने आई आणि मूल यांच्यातल्या ओढीचा सिद्धांत मांडला आणि मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षभराच्या मुलांवर त्याचा पडताळा घेतला. आई काही मिनिटांसाठी खोलीबाहेर जाई आणि परत येई. बहुतेक मुले ती परतली की तिला बिलगून लवकर शांत होत. काही तिला चिकटत आणि चिडतही. आणि काही अशी असत, की ती गेली काय नि आली काय, आपली खेळण्यात दंग. 1977 मध्ये स्रूफ आणि वॉटर्स यांनी हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींवरून दाखवले, की या दंग दिसणाऱ्या मुलांचे ठोकेही वाढलेले असतात. 1987 मध्ये हेझन आणि शेव्हर या संशोधकांनी हाच धागा मोठ्यांच्या प्रेमसंबंधांपर्यंत नेला. तुमचा नवरा त्या तिसऱ्या गटातला आहे असे निदान मी एका पत्रावरून करणार नाही. तो खरोखरच निश्चिंतही असू शकेल, आणि दिवसभराच्या थकव्याने त्याने अर्धेच ऐकले असेल हेही शक्य आहे. चेहऱ्यावर काही दिसले नाही म्हणून आत काही नाही, हा निष्कर्ष मात्र पक्का नाही. मालिकेत प्रत्येक भावनेला चेहरा आणि संगीत मिळते, म्हणून आपल्याला तशी सवय लागते, इतकेच.

पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. तो माझा दुसऱ्या दिवशीचा शर्ट इस्त्री करत होता, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, जणू खोलीत काय काय होते ते सांगावे तसे. उशिरा घरी आलेला, थकलेला माणूस रात्री उभा राहून तुमच्या शर्टाची कॉलर सरळ करत होता. मात्र इस्त्री म्हणजेच प्रेम, तेव्हा गप्प बसा, असे सांगून मी तुमची बोळवण करणार नाही. शर्ट इस्त्री करून मिळणे आणि कुणीतरी आपल्याकडे डोळे भरून पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची भूक लागणे यात लाजण्यासारखे काही नाही. तुमची तक्रार खरी आहे. फक्त ती मत्सराच्या नावाने मांडल्यामुळे तुम्हालाही ओळखू येईनाशी झाली आहे. 6 महिने तो उशिरा येतो आणि दिवसातला जो अर्धा तास तुम्ही एकमेकांजवळ बसता, त्यातही दोघांची तोंडे पडद्याकडे असतात. एकमेकांकडे पाहणारे जोडपे त्या खोलीत एकच असते, आणि ते पडद्यावर असते. तुम्हाला रडू आले यात मला नवल वाटत नाही.

तेव्हा बोला. रात्री मालिका संपल्यासंपल्या नको. तेव्हा तो पेंगुळलेला असेल आणि तुमच्या डोक्यात नायकाची मूठ असेल. सुट्टीच्या दिवशी सकाळी किंवा बरोबर चालायला जाताना बोला, कारण समोरासमोर बसून बोलणे जमत नसलेल्या माणसांना शेजारी चालताना बोलणे सोपे जाते. सुरुवात त्याच्या वागण्यापासून करू नका. "तुला काहीच वाटत नाही" असे म्हटले, की तो बचावाला उभा राहील आणि तुम्ही फिर्यादी व्हाल. "तुझी नवी नोकरी सुरू झाल्यापासून मला तुझी उणीव भासते, आणि मी तुला हवी आहे हे मला कधीतरी तोंडाने ऐकायचे असते" असे काहीसे, तुमच्या शब्दांत, सांगा. त्याला अवघडल्यासारखे होईल, कदाचित उत्तर सुचणार नाही. ती शांतता लगेच भरून काढू नका.

सहकाऱ्याबरोबर बोलत बसल्याची गोष्ट खोटी होती, हेही सांगा. फोन पाहिल्याचेही सांगा. याबाबत माझ्याहून वेगळे मत देणारे पुष्कळ भेटतील. झाकली मूठ ठेवावी, पुन्हा पाहू नये म्हणजे झाले, असे ते म्हणतील. माझे मत असे, की तुम्ही न सांगता थांबू शकला असता तर आत्तापर्यंत थांबला असता. सांगितलेल्या गोष्टीकडे चोरून परत जाणे कठीण होते. तो दुखावेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, आणि तसा हक्क त्याला आहे. त्या दोन दिवसांत त्याच्या अबोल्यातून नवे अनुमान काढू नका. उलट, तुमचे बोलणे त्याने थट्टेवारी नेले, किंवा तुमच्या कबुलीचे हत्यार करून महिनोन्‌महिने उगारले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा प्रश्न वेगळा असेल आणि उत्तरही. आणि मनापासून बोलणे होऊनही, तो जवळ असूनही, तपासण्याची ओढ तशीच राहिली, झोप किंवा काम तिच्यापायी बिघडू लागले, तर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. या चक्रातून बाहेर येण्याचे मार्ग त्यांना माहीत असतात.

मालिका बंद करा असे मी म्हणणार नाही. तुमच्या दोघांची ती एकमेव ठरलेली भेट आहे, ती मोडू नये. फक्त ग्लास फुटला की एकदा त्याच्याकडे वळून विचारा, "तू काय केले असतेस रे?" प्रश्न थट्टेचा आहे, तरी त्याचे उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही. त्यावरून बोलणे वाढले आणि त्या रात्रीचा उरलेला भाग चुकला, तर खुशाल चुकू द्या. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला आधीचे सगळे पुन्हा दाखवतातच.