नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला पहिल्यांदा जाताय?

अरोरा, म्हणजे ध्रुवीय भागात रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, दिसेलच असं धरून चालू नका. ढग आले की काहीच दिसत नाही, म्हणून निदान चार-पाच रात्री हाताशी ठेवा. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही, पण दिवसभर मिट्ट काळोख असतो असं नाही. अकरा-बाराच्या सुमारास बंदरावर जाऊन उभे राहा. पाणी, बोटी, समोरचे बर्फाळ डोंगर, सगळ्यावर निळसर-गुलाबी उजेड पसरतो. मला तो अरोराइतकाच प्रिय आहे.

थंडीपेक्षा जपायचं ते निसरड्याला. उबदार सागरी प्रवाहामुळे बंदर गोठत नाही, पारा शून्याच्या आसपास खालीवर होतो. बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि फुटपाथ काचेसारखे गुळगुळीत होतात. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे तिथल्या दुकानांत ‘ब्रॉडर’ म्हणून मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. मी घेतले नव्हते. दुसऱ्या दिवशी आपटलो आणि उरलेली सहल सुजलेलं मनगट सांभाळत काढली.

१९६५ सालचं आर्क्टिक कॅथेड्रल पाहायला पुलावरून चालतच जा, जेमतेम किलोमीटरभर आहे. मागच्या डोंगरावर केबल कार जाते. उन्हाळ्यात गेलात तर नेपाळी शेर्पांनी रचलेल्या बाराशे दगडी पायऱ्या चढून जा. हिवाळ्यात मात्र तो मोह नको.